कवडसा कोणामुळं पळाला

"कान पकड."

मालगुजार म्हणाले. मी पकडले.

"आता बस. ऊठ. बस."

पंचवीस वर्षांचा होतो मी. मिशी होती, लग्न झालं होतं. समोर कॉलेजातली चाळीस पोरं, चार प्रोफेसर, नागपूरहून आलेले दोन पाहुणे. मधे सत्यनारायणाचा चौरंग, त्याला केळीचे खांब. पाच वेळा उठलो, पाच वेळा बसलो. तिसऱ्या वेळी गुडघा कटकन वाजला. पोरं हसली. पाहुण्यांपैकी एकजण तोंडावर रुमाल धरून हसला.

दाराबाहेर, पायरीवर, माझा बाप उभा होता. खांद्यावर लाखेचं गाठोडं. त्याला आत येऊ दिलं नव्हतं, पण दार उघडं होतं. त्याला सगळं दिसत होतं.

मी हात जोडले. म्हणालो, "चुकलं साहेब. पुन्हा नाई होनार."

माझं काही चुकलं नव्हतं. मला ते माहीत होतं. त्याच क्षणी माहीत होतं. तरी म्हणालो. आज ऐंशीच्या पुढं गेलो, कान नीट ऐकत नाहीत, पण माझाच तो आवाज मला ऐकू येतो. तोच लिहायला बसलो आहे. मी तिसरी शिकलेला माणूस. अक्षर वाकडं येईल. गोष्ट सरळ येईल.

ही चांद्याची गोष्ट. आता चंद्रपूर म्हणतात. देश सुटून सात-आठ वर्षं झाली होती. आम्ही गोंड, आलापल्लीच्या पुढं भामरागडच्या वाटेवरचं आमचं गाव. पावसाळ्यात चार महिने तिकडं कोणी येत नाही, तिकडून कोणी जात नाही. मी चांद्याला आलो तो लाकडाच्या ट्रकवर हमाल म्हणून. कॉलेजची इमारत चालली होती, तिथं विटा वाहिल्या. इमारत झाली तेव्हा मुकादमानं मला तिथंच झाडलोटीला ठेवलं. मग डॉक्टरसाहेब आले.

डॉक्टर म्हणजे सुई देणारे नव्हे. पदार्थविज्ञानाचे. विलायतेत शिकून आलेले, चष्मा जाड, बोलणं हळू. त्यांना चांद्यासारख्या गावात एक मशीन उभं करायचं होतं. लोक म्हणायचे वेडा आहे. कॉलेजचे अध्यक्ष म्हणजे आमच्या भागातले जुने मालगुजार, जमीनदार. मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती, पण बोलावणं मालगुजार म्हणूनच. त्यांनी मशीनसाठी मागची खोली बांधून दिली.

मशीन काय होतं ते सांगतो. साहेबांनी मला जसं सांगितलं तसंच सांगतो.

एका काचेच्या नळीत पोटॅशचं मीठ फासलेली तार. ती तापवली की तिच्यातून बारीक कण सुटत. अणूतला एक इलेक्ट्रॉन निघून गेला की उरतो त्याला आयन म्हणतात, तर हे ते आयन. विजेच्या जोरानं त्यांना एका फटीतून पुढं ढकलायचं. पुढं पितळेचा डबा. डब्यातली सगळी हवा पंपानं ओढून काढायची आणि मग त्यात आरगॉन नावाचा वायू अगदी चिमूटभर सोडायचा. आयन सरळ जाता जाता आरगॉनच्या अणूंवर आदळतात, कोणी थोडे वाकतात, कोणी जास्त. डब्यात एक लहानशी पितळी वाटी, ती बाहेरच्या दांड्यानं फिरवता येई. सरळ रेषेत वाटी ठेवली तर किती आयन येतात, पाच अंशावर किती, दहावर किती, पंधरावर किती, ते मोजायचं. बस्स. एवढ्यासाठी दोन वर्षं.

आयन डोळ्यांना दिसत नाहीत. वाटीत जी वीज जमा होते ती एका तारेनं बाहेर यायची आणि एका बारीक आरशाला हलवायची. आरशावर दिव्याचा उजेड पडे आणि समोरच्या भिंतीवर लावलेल्या पट्टीवर त्याचा कवडसा. कवडसा जितका सरके तितके आयन. खोलीला काळे पडदे. दिवसाढवळ्या अंधार करून आम्ही दोघं त्या कवडशाकडं पाहत बसायचो. साहेब दांडा फिरवायचे, मी आकडा वाचायचो आणि वहीत लिहायचो. पुढं पुढं दांडाही मीच फिरवू लागलो. माझे आकडे सुबक येत. साहेब म्हणायचे, "तुझा सात माझ्या सातापेक्षा चांगला आहे."

मला त्याचा फार गर्व होता. आजही आहे. खोटं कशाला बोलू.

आणि मशीन उभं राहिलं ते माझ्यामुळं. हेही खोटं नाही. काचेचा आणि पितळेचा सांधा जुळेना. विलायती मेण यायचं ते चांद्याच्या उन्हात पाघळायचं, थंडीत तडकायचं. केसाएवढी फट राहिली तरी हवा आत शिरते आणि सगळं फुकट. सहा महिने साहेब त्या सांध्यापायी रडकुंडीला आले. एक दिवस मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडं विळ्याचं पातं मुठीत लाखेनं बसवतात. वीस वर्षं हलत नाई. करून पाहू काय जी?"

ते म्हणाले, "कर."

मी गावाहून पळसाची लाख मागवली. माझी माय ती धुवायची, विस्तवाजवळ कापडाच्या लांब पिशवीत भरून पिळायची, तसं सगळं मी चांद्याला केलं. तडकू नये म्हणून थोडी राळ घातली. किती घालायची ते हातालाच कळतं, सांगता येत नाही. सांध्यावर फिरवली. पंप चालू केला. मापाच्या सुईकडं आम्ही दोघं पाहत होतो. सुई उतरत गेली, उतरत गेली, आणि खाली जाऊन थांबली ती थांबलीच. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. कॉलेजात माझ्या अंगाला कोणी आपणहून हात लावला तो पहिला.

साहेब वाईट नव्हते. हेच जास्त लागतं.

पहिल्या थंडीतली एक गोष्ट आधी सांगायला पाहिजे. एके सकाळी मी घोंगडी पांघरूनच खोलीत गेलो. मशीनजवळ वाकलो तर कवडसा पट्टी सोडून भिंतीवर पळाला. मी घाबरलो. साहेब हसले. म्हणाले, "तुझी घोंगडी." मग त्यांनी आपलं फौंटन पेन रेशमी रुमालावर घासलं आणि तारेजवळ नेलं. कवडसा पळाला. दूर नेलं, परत आला. दहा वेळा करून दाखवलं, लहान मुलासारखं. म्हणाले, "रेशीम, लोकर, काही घासलं की त्यात वीज साठते. ती या तारेला लांबूनच कळते. म्हणून मशीनजवळ सुती कपडा आणि अनवाणी पाय. पाय जमिनीला लागलेले असले की अंगात काही साठत नाही, जमिनीत जातं." त्या दिवसापासून ते स्वतःसुद्धा बूट दाराशी काढायचे. तारेवर जाळीचं झाकणही करून घेतलं, म्हणजे बाहेरचं काही आत पोचू नये.

हे त्यांनी मला शिकवलं. लक्षात ठेवा.

मशीन नीट चालायला लागलं तसं मालगुजारांच्या मनात आलं की नागपूरच्या मोठ्या प्रोफेसरांना बोलवावं, आणि मशीन दाखवण्याआधी त्या खोलीत सत्यनारायण घालावा. साहेबांना ते आवडलं नव्हतं. मला म्हणाले, "आयनला पूजा कळत नाही रे." पण मालगुजारांना नाही म्हणण्याची त्यांची छाती नव्हती. यजमान म्हणून साहेबच बसले. पूजेचा रेशमी मुकटा नेसले, खांद्यावर रेशमी उपरणं, लोकरीच्या आसनावर दोन तास, पायात लाकडाच्या खडावा.

माझा बाप त्याच दिवशी आला. मीच निरोप धाडला होता की लाख संपत आली, घेऊन ये, आणि मशीन पाहून जा. तो आलापल्लीपर्यंत पायी आला, तिथून ट्रकवर. नवं धोतर नेसून आला होता. पोराचं मशीन पाहायला. कॉलेजचा जुना शिपाई नत्थूभाऊ, त्यानं त्याला पायरीवर अडवलं. "पूजा चालून राह्यली. इथीच थांब, बुढ्या."

पूजा संपली. पाहुण्यांची गाडी होती, घाई झाली. कपडे बदलायला वेळ नाही. साहेब तसेच मुकटा नेसून, खडावा घालून मशीनजवळ आले. पाहुण्यांना आतलं दिसावं म्हणून तारेवरचं जाळीचं झाकण काढून ठेवलं होतं. मी अनवाणी, सुती सदऱ्यात, दांड्यापाशी. पहाटे आंघोळ केली होती.

साहेब म्हणाले, "दहा अंश."

मी दांडा दहावर नेला. साहेब पट्टी दाखवायला पुढं वाकले, आणि कवडसा पळाला. पट्टी सोडून गेला. साहेब मागं झाले, कवडसा परत आला. पुन्हा वाकले, पुन्हा पळाला. मी पाहत होतो. उपरण्याचा पदर पुढं लोंबला की पळे, मागं गेला की येई. आंधळ्यालाही कळलं असतं. पण बाकी सगळे कवडशाकडं पाहत होते आणि कवडशावरून नजर आली ती दांड्यावर. दांड्यावर माझा हात.

मालगुजार म्हणाले, "पूजा झालेल्या मशीनले या जंगल्याचा हात लावू देल्ला तुमी? अहो डॉक्टर, त्याचा विटाळ नाई होनार तर काय होईन?"

मी साहेबांकडं पाहिलं. ते आता सांगतील असं वाटलं. एक शब्द पुरे होता. उपरणं. एवढंच.

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. पाहुणे पाहत होते. ते म्हणाले, "मी याला शुद्धीवर राहायला सांगितलं होतं. मोहाची दारू पिऊन आला असेल. हात थरथरतो मग."

मी त्या दिवशी काही प्यालो नव्हतो. हे कोणाला सांगायचं?

पुढचं तुम्हाला सांगितलं. कान पकडले. बसलो, उठलो. हात जोडले. नत्थूभाऊनं तांब्या आणून दांड्यावर आणि मी बसायचो त्या स्टुलावर गोमूत्र शिंपडलं. पितळेवर ते शिंपडू नये, गंजतं, असं माझ्या मनात आलं. अशा वेळी माणसाच्या मनात काय येईल त्याचा नेम नाही.

मला बाहेर काढलं. पाहुण्यांची गाडी चुकली, म्हणून ते जेवायला थांबले. साहेब घरी जाऊन जेवले, कपडे बदलले, पँट-शर्टात परत आले. दुपारी पुन्हा मशीन चालवलं. मी खिडकीखाली बसलो होतो. काळ्या पडद्याआडून आवाज येत होता. "पाच अंश. दहा. पंधरा." एकदाही कवडसा पळाला नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मालगुजारांचा आवाज आला, "पाहा. म्हनलं नव्हतं? तो बाहेर गेला आन् मशीन सुदरली."

याहून पक्का पुरावा कोणाला पाहिजे? चाळीस शिकलेल्या पोरांनी डोळ्यांनी पाहिला.

माझ्या बापानंही पाहिला. तो माझ्या शेजारीच बसला होता, भिंतीला टेकून. मग गोंडीतच बोलला, मी इथं आमच्याकडच्या मराठीत लिहितो. म्हणाला, "तुह्या हातानं बिघडलं होय?"

मी काही बोललो नाही.

लोकहो, इथं माझी खरी लाज आहे. कान पकडल्याची लाज मालगुजारांची आहे, साहेबांची आहे. ही माझी. बापाला सांगायला मला कोणाची भीती होती? शेजारी बसला होता. पण मला वाटलं, सांगितलं तर तो विचारेल, मग तू गप्प काऊन होता? हात काऊन जोडले? म्हणून मी मान खाली घातली. बापानं त्याचा अर्थ 'होय' असा घेतला.

त्यानं लाखेचं गाठोडं पुन्हा खांद्यावर घेतलं. मी म्हणालो, "लाख ठेवून जा." तो म्हणाला, "आपल्या हातची लाख तिथं लावू नको, बापू. आनखी काही बिघडन." आणि गेला. ट्रक मिळेपर्यंतसुद्धा थांबला नाही. नवं धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि बल्लारशाच्या रस्त्यानं चालायला लागला.

मला मशीनच्या खोलीतून काढून पुन्हा झाडलोटीला लावलं. महिना गेला. मग एक दिवस साहेबांनी निरोप पाठवला. सांध्यातून हवा शिरत होती. त्यांनी स्वतः लाख लावून पाहिली, दोन मास्तरांनी पाहिली, कोणाला जमेना. ती हातालाच कळते म्हणालो ना.

मी गेलो. खोलीत आम्ही दोघंच. साहेबांनी माझ्याकडं न पाहता म्हटलं, "तेवढं सांध्याचं बघ."

मी ब्रशानं सांध्यावर स्पिरिट लावत गेलो, सुई कुठं उडते ते पाहिलं, फट सापडली. लाख तापवली. फट बुजवली. सुई उतरली. हात धुतले. मग टेबलावर वही दिसली, आमचीच. मी त्या दिवसाचं पान काढलं. माझ्या आकड्यांखाली साहेबांच्या अक्षरात एक ओळ होती. मराठीतच होती, पाहुण्यांना दाखवायला लिहिली असावी. एकेक अक्षर लावत वाचली. 'सहायकाच्या स्पर्शामुळे वाचन बिघडले.'

स्पर्शामुळे.

मी म्हणालो, "साहेब, तुमचं उपरनं आना घरून."

"कशाला?"

"आना तुमी. नाईतर मी सांधा मोकळा करतो." हे मी म्हणालो खरं. मोकळा केला नसता. माझ्या हातचा सांधा मी मोडत नसतो.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग गेले आणि घेऊन आले. घर कॉलेजच्या मागंच होतं. मी जाळीचं झाकण काढलं. म्हणालो, "आता मी बाहेर उभा राहतो. दार उघडं ठेवा. उपरनं लोकरीवर घासा आन् तारेजवळ जा. मी मशीनले हात लावला नाई, हे पाहून घ्या."

त्यांनी उपरणं घासलं नाही. हातातच धरून उभे राहिले. म्हणाले, "मला माहीत आहे."

"कवापासून?"

"त्याच दुपारी. जेवताना लक्षात आलं."

मी दारात उभा होतो. पायाखाली पायरी होती तीच, बाप उभा होता ती. मी म्हणालो, "मंग सांगितलं काऊन नाई?"

"कसं सांगणार होतो? पाहुण्यांसमोर, अध्यक्षांसमोर, की माझ्याच मुकट्यानं प्रयोग बिघडला म्हणून? पूजेच्या वस्त्रानं? मशीन बंद पडलं असतं. तुझंही काम गेलं असतं." मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ, वहीतली ओळ मी खोडतो. आत्ता खोडतो, तुझ्यासमोर. तू उद्यापासून परत इथं ये. झालं?"

आणि खोडली. पेनानं, दोनदा.

तेव्हा मला बरं वाटलं. हेही लिहिलं पाहिजे. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि मी त्या माणसाला वाकून नमस्कार केला. पुन्हा वाकलो. ज्यानं माझ्यावर खोटं टाकलं त्यानं ते बंद खोलीत पुसलं, आणि मी त्याच्या पाया पडलो. आता आठवतं तेव्हा स्वतःच्याच पाठीत लाथ घालावीशी वाटते.

होळीच्या आधी सुट्टी काढून गावी गेलो. बापाला सांगायला. अंगणात बसलो, सगळं सांगितलं. मुकटा, लोकर, खडावा, तार. घोंगडी घासून दाखवली. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मी कोंबडा दिला आहे."

"कायचा कोंबडा?"

"तुह्यासाठी. देवाले. माह्या पोरानं सायबाची पूजेची मशीन बिघडवली, माफ कर म्हनून. सारं गाव जेवलं. आता तू म्हनतं तुह्या हातानं नाई बिघडली. मंग देवाले मी खोटं बोललो काय?"

"साहेबानं कबूल केलं, बाबा. माह्या समोर."

"कोनासमोर?"

"माह्या."

"आनखी कोन होतं तिथी?"

"कोनी नाई."

बाप हसला नाही, रागावला नाही. म्हणाला, "कान धरले तवा चाळीस लोक होते. मोठा मानूस खोटं बोलला असन तर चाळिसात बोलला, खरं तुह्याजवळ एकट्याजवळ काऊन बोलन? तू मले समजवाले गोष्ट बनवून राह्यला." आणि उठून गेला.

गोटुल म्हणजे गावच्या पोरांनी जमायचं घर. त्याच्यासमोरून जाताना पोरं मला पाहून आपसात बोलत होती. त्यांना सगळं माहीत होतं. कोंबडा खाल्लेला होता.

मी परत आलो तो दुसऱ्या दिवशी सरळ वर्गात गेलो. मशीनच्या खोलीत नाही, वर्गात. तास चालू होता. तीच चाळीस पोरं. साहेब फळ्यावर आरगॉनचं चित्र काढून सांगत होते की हे खानदानी वायू, कोणाशी रोटी-बेटी करत नाहीत, आपल्या आपल्यात सुद्धा नाही. पोरं हसत होती. पुढचं ते सांगत होते ते मला आधीपासून पाठ होतं. आयन नुसता जवळून गेला तरी आरगॉनचा अणू आतल्या आत सरकतो, म्हणून न आदळतासुद्धा आयन वाकतो.

मी दारात उभा राहिलो नाही. आत गेलो. टेबलापर्यंत.

साहेब म्हणाले, "काय रे? तास चालू आहे."

मी म्हणालो, "साहेब, पूजेच्या दिवशी कवडसा माह्या हातानं नाई पळाला. तुमच्या रेशमानं पळाला. तुमाले माहीत आहे. या पोरायले सांगा."

बाहेर नत्थूभाऊ धावत आल्याचा आवाज आला, आणि तो दाराशीच थांबला.

"नंतर बोलू," साहेब म्हणाले.

"नंतर नाई जी. नंतरचं मी ऐकून घेतलं एकदा. आताच सांगा."

"तू बाहेर हो."

"होतो. तुमी सांगितलं की होतो. नाई सांगितलं तर मी सांगतो." आणि मी सांगितलं. पोरांकडं तोंड करून. मुकटा, आसन, खडावा, काढलेलं झाकण. मी अनवाणी होतो हेही सांगितलं. मी प्यालो नव्हतो हे सगळ्यात शेवटी सांगितलं, आणि ते सांगताना माझा आवाज फुटला. त्याची मला अजून लाज वाटते. बाकी सगळं नीट बोललो होतो.

पाठीमागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "जंगली प्रोफेसर झाला रे!" हसू उठलं.

पुढच्या बाकावरचा एक काळासावळा पोरगा उभा राहिला. त्याचं नाव मला माहीत नाही. त्यानं विचारलं, "सर, हा म्हणतो ते खरं आहे का?"

साहेबांनी खडू उचलला. फळ्याकडं वळले. आरगॉनच्या भोवतीचं वर्तुळ आधीच काढलं होतं, ते पुन्हा गिरवायला लागले. पोरगा उभाच होता. साहेब गिरवत राहिले.

मालगुजारांपर्यंत गोष्ट गेली. दुपारी बोलावणं आलं. त्यांच्या ओसरीवर साहेब पण बसले होते. मालगुजार म्हणाले, "डॉक्टरांची माफी माग. कान पकड. नाईतर आत्ता चालता हो."

मी म्हणालो, "काय केलं म्हनून?"

"भर वर्गात अपमान केला म्हनून."

"खोटं बोललो काय मी? साहेब, सांगा. खोटं बोललो?"

साहेब मान खाली घालून बसले होते. मालगुजार ओरडले, "कान पकड म्हन्तो ना!"

माझे हात खालीच होते. मी म्हणालो, "नाई पकडत." एवढंच. त्याहून मोठं काही सुचलं नाही. सुचायला पाहिजे होतं.

नोकरी गेली. नागभीडला रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली केली, पुढं जंगल ठेकेदाराकडं, शेवटी गावी येऊन धान पिकवलं. साहेबांचे आकडे कुठं छापून आले की नाही, मला माहीत नाही. आले असतील तर त्यात माझ्या हातचे आहेत. सांधे माझ्या हातचे आहेत. एवढं मला ठाऊक आहे आणि ते कोणाला विचारायला मी जाणार नाही.

बाप पुढच्याच पावसाळ्यात गेला. मी नागभीडला होतो, पर्लकोटा नदीला पूर होता, वाट बंद. निरोप मला पोळ्याला मिळाला. मी वर्गात बोललो, ओसरीवर कान पकडले नाहीत, हे त्याला कोणी सांगितलं नाही. आपल्या पोरानं साहेबाची मशीन बिघडवली हे मनात घेऊन तो गेला. कोणी मला म्हणतं, जाऊ दे बुढ्या, तू शेवटी बोललास ना. बोललो. पण ज्याच्यासाठी बोलायचं तो पायरीवर उभा होता तेव्हा नाही बोललो. मागून बोललेलं पुढं जात नाही.

आणि गावात ती गोष्ट अजून जिवंत आहे. गेल्या वर्षी माझ्या नातीला वनखात्याच्या रोपवाटिकेत काम मिळालं तेव्हा गावातला एक म्हातारा हसत म्हणाला, "सांभाळून वं बाई. तुह्या आज्याच्या हातानं सायबाची मशीन बाटली होती." नात घरी येऊन मला म्हणाली, "आबा, हे काय व्हय?" साठ वर्षांवर होऊन गेली. मालगुजार मेले, साहेब मेले असतील, आणि त्यांचं खोटं आमच्याच माणसाच्या तोंडात राहिलं आहे, हसत हसत. आमची पोरं ते ऐकून वाढतात आणि हात लावायच्या आधी हात मागं घेतात.

म्हणून लिहिलं. नात म्हणते, छापायला देऊ. द्यायचं तर दे. पण त्याच्या आधी मी हे कागद गोटुलासमोर वाचणार आहे. पंडुमाच्या, आमच्या सणाच्या दिवशी, सगळं गाव जमतं तेव्हा. उभा राहून वाचणार. कान पकडलेलंही वाचणार, पाया पडलेलंही वाचणार, काही गाळणार नाही. तो म्हातारा पुढं बसलेला पाहिजे. कोणाला पटो, न पटो. कोणी उठून जाईल, जाऊ दे. कोणी विचारेल तर उत्तर देईन, रात्र झाली तरी देईन.

दात नाहीत, शब्द फुसके निघतात. हळू वाचीन. पण जे गाव खोटं जेवलं त्या गावाला खरं ऐकवल्याशिवाय मी मरत नाही.